मांडणीतले पाठकोरे कागद

स्वतःच्या विद्यार्थ्यांचं कौतुक आपणच सांगत सुटू नये, असं माझी बायको शोभा म्हणते. तिचं काय जातंय! ती गणित शिकवते. तिची मुलं पास झाली की गावाला आपोआप कळतं. चित्रकलेच्या मास्तराला ते सुख नाही. सत्तावीस वर्षं मी सिल्वासाच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवतोय आणि भूगोलाचा राहिलेला धडा पुरा करून घेण्यासाठीच माझा तास वेळापत्रकात घातलाय, अशी निम्म्या स्टाफची अजून समजूत आहे. तेव्हा आज मला फुशारकी मारू द्या. दुर्गा बारकू सोनवणे ही माझी विद्यार्थिनी. आता ती पुण्यात आहे आणि सिनेमात, गेममध्ये जी जगं दिसतात ती आधी कागदावर उभी करायची विद्या शिकते आहे. त्या विद्येला कॉन्सेप्ट आर्ट म्हणतात. हे नाव मला तिनेच शिकवलं. आणखीही एक गोष्ट शिकवली, ती सांगायला बसलोय. त्यात माझी शोभा होते, पण होऊ दे.

दुर्गाचे वडील बारकूभाऊ मूळचे शिंदखेड्याकडचे. लग्न झालं आणि खडोलीतल्या धाग्याच्या कारखान्यात मशीनवर लागले, ते अजून तिथेच आहेत. आई भिमाबाई सायलीच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्यांना कड्या बसवतात. राहायला आमलीत, चाळीतली एक खोली आणि पुढे ओटा. बारकूभाऊंच्या कारखान्याच्या हॉलमध्ये आवाज इतका की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली की धागा तुटला. दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवल्या की धागा लागला, म्हणजे काम झालं, निर्धास्त राहा. मूठ तोंडाशी नेली की चहा. इतक्या वर्षांत बारकूभाऊंचे कान निम्मे गेले आणि हातांची भाषा त्यांच्याबरोबर घरी आली. ओळखीच्या प्रत्येक माणसाला त्यांनी एक खूण ठरवून दिली आहे. दुर्गाची खूण म्हणजे दोन बोटं डोळ्याखाली टेकवायची. पोरीची नजर लहानपणापासून तीक्ष्ण, म्हणून.

ती नजर माझ्या वर्गात आली सहावीत. मी विषय दिला होता 'माझा आवडता प्राणी'. चाळीस कागदांवर अडतीस मोर आले, एक ससा आला आणि एक आलं दुर्गाचं जनावर. त्याला बारा तोंडं होती, प्रत्येक तोंडातून एक दोरा बाहेर पडत होता आणि पाठीवर बसून एक माणूस ते दोरे गुंडाळत होता. शिवाय सगळीकडे कच्च्या रेघा. पाय आधी चार काढलेले, मग सहा, खोडलेले चार अजून दिसतायत. मी लाल पेनाने चार मार्क दिले आणि खाली शेरा मारला: 'प्राणी असा नसतो. स्वच्छता हवी.'

स्वच्छता हा माझा वीक पॉइंट. आमच्या देवगडच्या मास्तरांनी आम्हाला तसंच घडवलं. माझ्या शर्टाच्या खिशात पेन नसेल पण पांढरं मोठं खोडरबर असणारच, आणि वर्गात फिरता फिरता जिथे वेडीवाकडी रेघ दिसली तिथे वाकून घासणार. पोरांना मी एकच मंत्र दिला होता. कच्चं काम ठेवायचं नसतं. पक्कं काम तेवढं मला दाखवायचं. मुलं माझ्या मागे काय म्हणत असतील ते म्हणोत, पण माझ्या वर्गाची चित्रं प्रदर्शनात लागली की कागद आरशासारखे लखलखीत असत, आणि मला त्याचा अभिमान होता.

बारावीनंतर दुर्गा वडिलांच्याच कारखान्यात लागली, पण लॅबमध्ये. तिथलं काम असं: प्रत्येक बॉबिनवरचा थोडा थोडा धागा घेऊन नळीसारखा एक लांब मोजा विणतात, तो रंगात बुडवतात, वाळला की उजेडात धरतात. एखादा पट्टा इतरांपेक्षा नखभर गडद किंवा फिका दिसला की तो बॉबिन बाजूला. दुसऱ्यांना जो फरक दाखवूनही दिसत नाही तो हिला चालता चालता दिसतो. लॅबमधले जुने रिपोर्ट रद्दीत जायचे, ते ती मागून घ्यायची. एका बाजूला तारीख, लॉट नंबर आणि आकड्यांचे रकाने, दुसरी बाजू पाठकोरी. त्या पाठकोऱ्या बाजूवर हिची चित्रं सुरू.

एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "सर, मी कॉन्सेप्ट आर्ट शिकतेय. मोबाइलवर व्हिडिओ बघून."

"ते काय असतं?"

"पिच्चरमध्ये एखादं गाव दिसतं ना, जे कुठंच नाही, ते आधी कोणीतरी काढतं सर. घरं, कपडे, भांडी, गाड्या, सगळं. एका वस्तूची पन्नास चित्रं करून बघतात. मग त्यातलं एक घेतात."

"पन्नास?" मी म्हटलं. "अगं, पहिलंच नीट काढलं तर एकोणपन्नास कागद वाचतील की!"

ती हसली. मीही हसलो. माझं ते वाक्य मला फार हुशारीचं वाटलं होतं.

पण तेव्हापासून ती सुट्टीच्या वारी आमच्याकडे यायला लागली. मी तिला माणसाच्या शरीराची मापं शिकवली, पर्स्पेक्टिव्ह पक्कं करून घेतलं, पाण्याचे रंग हातात दिले. त्या बदल्यात तिने मला आपलं शहर दाखवलं. तिने मनाने रचलेलं शहर. तिथे वारा कधीच थांबत नाही आणि त्या घोंघाटात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून माणसं हातांनी बोलतात. आता हातांनी बोलायचं तर हात लांबून दिसले पाहिजेत, म्हणून तिथल्या कपड्यांच्या बाह्यांना भडक पिवळे काठ. अंधारात बोलायचं तर उजेड हवा, म्हणून मनगटाला बारीक दिवा. दार वाजवून उपयोग नाही, म्हणून प्रत्येक दाराला बाहेरून दोरी. ती ओढली की आत रंगीत पट्टी हलते. ओझं वाहणारा माणूस मुका होतो, कारण त्याचे हात अडकलेले असतात. मी सत्तावीस वर्षं मोर तपासत होतो हो! हे ऐकलं त्या दिवशी मला रात्रीचं जेवण सुचलं नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तर हिंदीचे ललित सर म्हणाले, "त्यात थोडं वारली टाकायला सांगा. इथलं आहे, चालतं." मी म्हटलं, वारली ज्यांची आहे ते काढतात आणि तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पट चांगली काढतात. ही पोरगी धाग्याच्या आवाजात वाढली, ती धाग्याचं काढेल. ललित सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शाळेत तेवढीच शांतता.

पुण्यात एक संस्था आहे, तिथे या विद्येचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालतो. जागा वीस. शिकवणारे सगळे स्टुडिओत काम करणारे, आणि तिथून बाहेर पडलेली मुलं थेट कामालाच लागतात. वयाची अट तेवीस. दुर्गाला हे शेवटचंच वर्ष होतं. या दारातून आत गेली तर गेली, नाहीतर जन्मभर मोज्याचे पट्टे बघणं होतं. मोज्याचे पट्टे बघणं वाईट नव्हे, पण मग ते शहर कोणी बघितलं असतं?

अर्जासोबत बारा चित्रं मागितली होती. दुर्गाने जीव ओतला. ती दोन रविवार आमच्या घरी बसली आणि मी खोडरबर घेऊन तिच्या शेजारी बसलो. जिथे पेन्सिलची रेघ डोकावली तिथे घासली. जिथे तिने कोपऱ्यात छोटे छोटे प्रयोग करून ठेवले होते तो कोपराच कापला. "सर, हे राहू द्यायचं का?" तिने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "पाहुण्यांना आपण स्वयंपाकघरातला केर दाखवतो का?" बारा चित्रं अशी झाली की त्यांच्यावरून माशी घसरावी. आम्ही ती पाठवली आणि शोभाने शिरा केला.

तिसऱ्या आठवड्यात दुर्गा मधल्या सुट्टीत शाळेत आली आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. संस्थेचं पत्र होतं. चित्रं अतिशय सफाईदार आहेत, त्यांनी लिहिलं होतं, पण ती कशी सुचत गेली याचा एकही माग त्यांत नाही. हल्ली असली चित्रं संगणक चार ओळींच्या सांगण्यावरून क्षणात काढून देतो. ही तुमची नाहीत असं आमचं म्हणणं नाही, पण तुमची आहेत हे आम्हाला दिसायला हवं. आठ दिवसांत कच्चं काम पाठवा, अन्यथा अर्ज बाद समजला जाईल.

माझं डोकंच सरकलं. "संगणक? माझ्या डोळ्यांदेखत काढलीस तू! मी लिहून देतो, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी देतो!"

"शिक्का नकोय सर त्यांना. कच्चं काम हवंय."

"मग दे की त्यांच्या तोंडावर फेकून!"

"नाही ना सर." ती खाली बघून म्हणाली. "कच्चं काम ठेवायचं नसतं ना. झालं की मी मायला देऊन टाकायची, फेकून दे म्हणून."

तिने टोमणा मारला नव्हता. ती तसली नाहीच. माझाच पाठ तिने मला म्हणून दाखवला, इतकंच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आमच्याकडे म्हणतात. इथे मारुतीसुद्धा झाला नव्हता. मी घासून घासून एका जिवंत पोरीची चित्रं यंत्राची करून टाकली होती.

चूक कबूल करायला मला नेहमीच वेळ लागतो. म्हणून मी आधी दुसरी चूक केली. म्हटलं, "त्यात काय एवढं? आता काढ कच्ची चित्रं. उलट्या दिशेने जा. पक्क्यावरून कच्चं."

बिचारी तीन संध्याकाळ बसली. पाचव्या दिवशी वीस-पंचवीस कागद घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बघा सर, कळतंय."

कळत होतं. प्रत्येक रेघेला पुढे कुठे जायचंय ते आधीच माहीत होतं. चुकल्यासारखं काढलेलं, पण चुकलेलं नव्हतं.

"मोज्यात एक पट्टा खोटा असला की मी रोज तोच पकडते," दुर्गा म्हणाली. "मीच खोटा पट्टा कशी पाठवू? नाही पाठवणार सर. जाऊ दे, नाही तर नाही." आणि ते कागद तिने माझ्यासमोर फाडले. त्या क्षणी मला तिचा राग आला, आणि तिचा केवढा अभिमान वाटला ते आत्ता सांगतो. तेव्हा सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी सोनवण्यांच्या घरी तिघांनाही सुट्टी होती. सकाळीच मी त्यांच्याकडे माफी मागायला गेलो. बारकूभाऊंनी खुर्ची ओट्यावर आणून ठेवली. मी चांगली चार-पाच वाक्यं तयार करून गेलो होतो: माझ्यामुळे झालं, मी जुन्या वळणाचा माणूस, पोरीचं वर्ष माझ्या हट्टापायी जातंय वगैरे. बारकूभाऊंना ऐकू जात नाही म्हणून दुर्गा हातांनी सांगत होती. माझी पाच वाक्यं तिने तीन हालचालींत आटोपली. त्यात एकदा तिने मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासली. ती खूण मला कळली नाही. बारकूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मूठ तोंडाशी नेली. चहा घ्या.

भिमाबाई चहा घेऊन आल्या. "सर, काय झायं? पोरगी पाच-सहा दिस झायात नीट जेवत नही."

"कागद हवे होते हो तिचे जुने," मी म्हटलं. "कच्चे. ते सगळे फेकले गेले."

"कोनता कागद? पोरगी काढीसन टाकस ते?"

"तेच."

"ते फेकेल शेत, हाई कोनी सांगं तुम्हले?" भिमाबाईंनी कपाळाला हात लावला. "माले इचारा ना! घरमा कोनी माले काही इचारंच नही. एवढा जाड कागद, मी काय फेकस का?"

आणि त्या आत जाऊन मांडणीवरची ताटं उतरवायला लागल्या.

भिंतीला लावलेली स्टीलची मांडणी, सहा खण. ताटं उतरली, वाट्या उतरल्या, डबे उतरले. प्रत्येक खणात खाली छापील रिपोर्ट अंथरलेले, तारखा आणि आकडे वर. भिमाबाईंनी एका कागदाचं टोक धरून उचललं. खाली दुसरा होता. त्याखाली तिसरा. गादीसारखे थर.

"मनी सासूनी रीत शे," त्या सांगत होत्या. "मांडणीवरला जुना कागद काढाना नही. त्यावर नवा घालाना. आखाजीले एक थर, दिवाईले एक थर. जुना काढा ते घरनी बरकत जास, अशी म्हने. आनि चित्रवर भांडं ठेवाले माले बरं नही वाटे. म्हनीसन चित्र खाले, छापेल वर." आखाजी म्हणजे त्यांच्याकडची अक्षय्य तृतीया.

दुर्गा चार-पाच वर्षं रोज त्याच मांडणीतून ताट घेऊन जेवत होती. तिने सगळ्यात वरचा कागद उलटा केला. मागे पिवळ्या काठाची बाही होती. एक नव्हे, अकरा. पहिल्या प्रयत्नात हातमोजा काढला होता, त्यावर फुली आणि बाजूला लिहिलं होतं: 'मोज्यात बोटं दिसत नाहीत, माणूस बोबडा होईल.' दुसऱ्यात बाही लांब सोडली होती: 'वाऱ्याने उडेल, नुसती बडबड.' मग आखूड बाही, मग काठ, काठाचा रंग आधी लाल, त्यावर शेरा: 'लांबून काळा दिसतो. लॅबमध्ये बघितलं.' मग पिवळा.

मी तो कागद जवळ ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचला. पक्क्या चित्रात मला एक छान बाही दिसली होती. ती बाही का आहे, ते इथे होतं. आणि मी यालाच केर म्हटलं होतं.

आम्ही चौघांनी मिळून दिवसभर थर सोडवले. ओट्यावर, चाळीच्या अंगणात, शेजारच्या मंगलाताईंच्या बाजेवर, जिथे जागा मिळेल तिथे कागद मांडले आणि वर डबे, वाट्या ठेवल्या. दोनशे सत्त्याऐंशी कागद निघाले. कुठे हळदीचे ठिपके, कुठे तेल उतरलेलं, जवळपास प्रत्येकावर डब्याच्या बुडाचा गोल वळ. वरचे सगळ्यात नवे, खालचे सगळ्यात जुने, आणि प्रत्येकाच्या पाठीवर कारखान्याची तारीख छापलेली. भिमाबाईंच्या सासूबाईंच्या रीतीने जे जपलं होतं त्यापुढे माझे सहीशिक्के काय कामाचे?

एका कागदाशी बारकूभाऊ थबकले. त्यावर नुसते हात होते. धागा तुटला, धागा लागला, चहा, पाणी, सुपरवायझर आला, घरी चला. चाळीसेक खुणा, आणि प्रत्येक हाताची करंगळी किंचित वाकडी. बारकूभाऊंनी आपला हात कागदाशेजारी धरला. मग कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले, "हे मना हात शेतस!" शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली. प्रत्येकाला ते कागद आणि करंगळी दाखवत होते.

त्याच पानावर खाली ती खूण होती, तळव्यावर घासलेली मूठ. खाली दुर्गाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सर'.

"हे काय गं?"

दुर्गा लालबुंद झाली. "आबांनी ठरवलंय सर. मी सहावीत घरी येऊन सांगायची ना, सर कसे खोडतात ते. तेव्हापासून तुमची खूण तीच."

म्हणजे या घरात दहा-बारा वर्षं तरी माझं नाव 'खोडणारा' होतं. भिमाबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मीही हसलो, पण ते जरा लागलंच.

सगळ्यात खालच्या खणात, सगळ्यात खालचा कागद रिपोर्टचा नव्हता. शाळेचा होता. बारा तोंडांचं जनावर, तोंडांतून दोरे, पाठीवर माणूस. आधी काढलेले चार पाय अजून दिसत होते. आणि लाल पेनाने माझं अक्षर. दहापैकी चार. प्राणी असा नसतो. अर्जातल्या सातव्या चित्रात हेच जनावर होतं, शहरभर दोऱ्या पुरवणारं, आता आठ पायांचं.

"हा नको पाठवूस," मी घाईने म्हटलं.

"सर," दुर्गा म्हणाली, "हा तर पहिला आहे."

तो कागद माझ्या अक्षरासकट पुण्याला गेला. सातव्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून आम्ही पाठवले. या वेळी मी कशालाही हात लावला नाही. एके ठिकाणी वरणाचा सुकलेला थेंब होता, तो सुद्धा तसाच गेला.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर मुलाखत झाली, आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत. मी कोपऱ्यात स्टुलावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसलो होतो. पलीकडे वैशाली नावाच्या एक बाई होत्या, आवाजावरून कडक. त्यांनी बाह्यांबद्दल विचारलं, दारांच्या दोऱ्यांबद्दल विचारलं. म्हातारपणी बोटं वाकल्यावर माणूस तोतरा होतो, या टिपेवर त्या बराच वेळ थांबल्या. दुर्गा हातवारे करून बोलत होती, घरच्यासारखी. मग त्या म्हणाल्या, "कागदांवर एवढे डाग आहेत. फोटोतून ते काढता आले असते. काढले का नाहीत?"

"कच्चं आहे ना मॅडम," दुर्गा म्हणाली. "कच्चं दिसू दे."

बाई हसल्या. "आणि हे चार मार्क देणारे शिक्षक कोण?"

दुर्गा क्षणभरही थांबली नाही. "ते परुळेकर सर. माझा हात त्यांनीच घडवलाय. मापं चुकली असतील तर सांगा, एकही सापडणार नाही तुम्हाला." मी स्टुलावर बसून भिंतीकडे बघत राहिलो. मापं खरंच चुकलेली नव्हती. तेवढं माझं होतं.

निकाल आला तो गुरुवारी दुपारी. दुर्गाचा फोन आला तेव्हा ती लॅबमध्येच होती. "सर, झालं. यादीत आहे मी." आणि मग, "तुम्ही खडोलीला येता का? आबांना सांगायचंय. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि मला एकटीने नाही सांगायचं."

मी स्कूटर काढली. लॅबचा इन्चार्ज संजू गेटवर येऊन मला आत घेऊन गेला. लॅबच्या बाहेरच्या बोळातून हॉलची मोठी काच दिसते. पलीकडे रांगेने मशीनं, प्रत्येकावर शेकडो बॉबिन फिरतायत, आणि काचेला हात लावला तर काच थरथरत होती. बारकूभाऊ पार शेवटच्या मशीनवर, आमच्याकडे पाठ करून उभे होते. हाक मारून उपयोग नव्हता.

दुर्गाने दोन्ही हात वर केले आणि नुसती उभी राहिली. जवळच्या मशीनवरच्या बाईने बघितलं. तिने पुढच्याला खूण केली, दोन बोटं डोळ्याखाली. त्याने त्याच्या पुढच्याला. डोळा, डोळा, डोळा, अशी ती खूण हाताहातांतून हॉलभर गेली आणि शेवटच्या माणसाने बारकूभाऊंच्या खांद्याला हात लावला. ते वळले.

दुर्गाने दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवल्या आणि वर धरल्या. धागा लागला.

बारकूभाऊ हलले नाहीत. आपल्याला नीट दिसलं ना, असं त्यांनी हातानेच विचारलं. तिने पुन्हा अडकवल्या. मग तो माणूस हॉलकडे वळला. दोन बोटं डोळ्याखाली, तर्जन्या अडकवलेल्या. पोरगी. धागा लागला. पुन्हा. पुन्हा. एकेका मशीनवरचा माणूस मान वर करत होता, बघत होता आणि पुढच्याला सांगत होता. एवढा मोठा समारंभ आणि माणसाचा एक शब्द नाही.

मग बारकूभाऊंनी काचेकडे बोट केलं, माझ्याकडे. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. आणि त्यांनी आपली मूठ तळव्यावर घासली. सावकाश, दोनदा, मग तोच हात छातीला लावला.

कारखान्यातल्या लोकांना काय ठाऊक ती खूण कुठून आली! बारकूच्या पोरीच्या मास्तरांचं नाव असं घेतात, एवढंच त्यांना कळलं. तीस-चाळीस माणसांनी मशीनजवळ उभं राहून माझ्याकडे बघत मूठ तळव्यावर घासली.

दुर्गाने शेजारून माझे दोन्ही हात धरले, तर्जन्या एकमेकींत अडकवून दिल्या आणि म्हणाली, "असं दाखवा सर."

मी तसे हात काचेला टेकवून उभा राहिलो. डोळे वाहत होते, पण मी पुसले नाहीत.